दोन बोटी, एक यादी

आमच्या घरात बोट निघताना माणसं मोजत नाहीत. कोण चाललंय, कुठल्या बोटीत चाललंय, हे किनाऱ्यावर उभं राहून बोलायचंही नाही. आई म्हणते, "मोजलं की दर्याला कळतं किती हायत ते." मी शिकलासवरलेला, गोखिवऱ्याच्या एका कंपनीत वीस वर्षं प्रोग्राम लिहिणारा माणूस, या गोष्टीला हसत आलो. हसत आलो म्हणजे मनातल्या मनात. आईसमोर हसायची हिंमत माझ्यात नव्हती, आजही नाही.

घर अर्नाळ्याच्या बाजूला, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. आमच्या दोन बोटी आहेत. एक दादा चालवतो, माझा सख्खा मोठा भाऊ. दुसरी आमचा चुलतभाऊ. ते दोघे धरून दोन्ही बोटींवर मिळून सोळा जण, आणि कुठला खलाशी कुठल्या बोटीत चढणार हे पाय पाण्यात गेल्यावर ठरतं. कुणाचं कुणाशी कालच वाजलेलं असतं, कुणाला एका बोटीवरचा स्वयंपाक आवडतो. घरच्यांच्या लेखी ते सोळा जण म्हणजे एकच जमाव, दोन बोटींत मावेल तसा बसवलेला.

मला समुद्राची भीती वाटते. कोळ्याच्या पोराने हे लिहू नये, पण खरं आहे ते लिहितो. बाराव्या वर्षी वडिलांनी बोटीवर नेलं, तेव्हा दोन दिवस मी नुसता ओकत होतो. परत आल्यावर आईने सांगितलं, ह्याला शिकू द्या. म्हणून मी शिकलो, विरारला फ्लॅट घेतला, आणि दादा बाहेर असला की वाऱ्याचा आवाज ऐकत फ्लॅटमध्ये येरझाऱ्या घालू लागलो. मला काहीतरी करायचं होतं. पाण्यात न उतरता दादाच्या उपयोगी पडायचं होतं.

तशी संधी चालून आली. आमच्या किनाऱ्यावरच्या पंधरा-वीस बोटींच्या मालकांचा एक गट आहे. वादळी वाऱ्याचा इशारा आला की कुठल्या बोटी परत आल्या, कुठल्या अजून दर्यावर आहेत, त्यांत माणसं किती, हे गटाच्या सेक्रेटरींनी सरकारी ऑफिसला कळवायचं असतं. ते आठवणीने आणि फोनाफोनीवर चालायचं. मी म्हटलं, मी प्रोग्राम करून देतो. दादाला इतका आनंद झाला की त्याने किनाऱ्यावर येईल त्याला सांगितलं, आता आपला भाऊ आपल्याला कंप्युटरात ठेवणार.

मी ज्या पद्धतीत वाढलो, तिच्यात प्रत्येक गोष्टीची एक वस्तू करतात. बोट ही एक वस्तू. आपण किनाऱ्याला आहोत की दर्यावर, आपल्यात कोण कोण आहे, हे तिचं तिला माहीत असतं. बाहेरच्याने तिच्या पोटात हात घालायचा नाही. तिला नुसतं सांगायचं, निघ, ये. ती आपली स्थिती आपणच बदलते. मला ही पद्धत मनापासून आवडते. नीट केली तर प्रोग्राम वाचताना समोर बोटीच दिसतात, आणि मी तो नीट केला आहे असं मला वाटत होतं.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी बाई वसईच्या पश्चिमेकडच्या वाडीतली, ख्रिस्ती. स्वतःच्या आईशी फोनवर वाडीच्या बोलीत बोलते तेव्हा तिचं एक अक्षर मला कळत नाही. रविवारी मिस्साला जाते आणि सोमवारी येऊन माझ्या प्रोग्राममधली पापं मोजते. तिची पद्धत वेगळी. तिच्या मते एकदा लिहिलेलं बदलायचंच नाही. काही घडलं की नवी ओळ लिहायची: अमुक बोट निघाली, अमुक बोट आली. आत्ता कोण दर्यावर आहे, हे कुठेही साठवून ठेवायचं नाही. कुणी विचारलं की सगळ्या ओळी पहिल्यापासून वाचायच्या आणि उत्तर काढायचं. आणि जो तुकडा उत्तर काढतो, त्याने फक्त उत्तर द्यायचं, जाता जाता दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही.

"दर वेळी पहिल्यापासून वाचायचं?" मी म्हणालो. "त्यापेक्षा माझी बोट बरी. विचारलं की लगेच सांगते."

"सांगते, पण तिला आधीचं आठवत नाही. पुसून लिहिते ना. पुसलं ते गेलं."

"माझी बोट आहे ती. ओळींचा ढीग नाही."

"बरं बाबा, तुझी बोट," ती म्हणाली आणि आपल्या कामाला लागली. असे आमचे वाद रोज व्हायचे. मला त्यांत मजा यायची, कारण तोपर्यंत त्यात कुणाचा जीव नव्हता.

यादी भरायचं काम वहिनीकडे होतं, दादाच्या बायकोकडे. ती फोनवरून नावं टाकायची. पहिल्याच आठवड्यात तिची तक्रार आली. "मोजायचं नाय, बोलायचं नाय, मग कोनाला कुठल्या बोटीत टाकू मी? आनि दोनदा दोनदा सोळा नावं कोन लिहीत बसंल?"

मी हसलो आणि दहा मिनिटांत तिला एक बटण करून दिलं. त्यावर लिहिलं होतं, तीच माणसं. चुलतभावाच्या बोटीत सोळा नावं भरायची, दादाच्या बोटीवर ते बटण दाबायचं, झालं. बोटी गेल्या की बायकांना विचारून तिने नावं वेगळी करावीत, असं ठरलं होतं. ती कधी झाली नाहीत आणि मीही कधी विचारलं नाही.

त्या बटणाने पहिल्या यादीवरून दुसरी यादी तयार करायला हवी होती. मी जे लिहिलं होतं, त्याने दुसरी यादी तयारच होत नव्हती. दादाची बोट चुलतभावाच्या बोटीच्या यादीलाच बांधली जायची. बोटी दोन, यादी एक. एकीने तिच्यावर काही लिहिलं की ते दुसरीचंही झालं. आमच्या धंद्यातली ही पहिलीतली चूक आहे. नव्याने लागलेल्या पोरापोरींना मीच ती शिकवतो, मोठ्या रुबाबात. तरी मी ती केली, कारण माझ्या डोक्यात त्या सोळा जणांची यादी लहानपणापासून एकच होती.

ऑफिसातल्या बाईने एकदा ते पाहिलंही होतं. चहाचा कप हातात घेऊन माझ्या स्क्रीनकडे बघत तिने विचारलं होतं, "ही यादी दोघींत एकच आहे का?"

"घरचीच माणसं आहेत. एकच असणार," मी म्हणालो होतो, आणि वर हसलो होतो.

दोन्ही बोटी एरवी एकाच भरतीला येतात. दर्यावर माणसं एकूण सोळा, हा आकडाही बरोबर दिसायचा. त्यामुळे महिनोन् महिने कुणाला काही खटकलं नाही.

दिवाळी होऊन गेली होती. आदल्या दिवशी संध्याकाळी वाऱ्याचा इशारा आला आणि वायरलेसवरून बोटींना परत बोलावलं गेलं. सकाळी मी ऑफिसात गेलो तेव्हा आकाश मळकट झालं होतं. मी एका बाजूला प्रोग्राम उघडा ठेवला. लाल बोटी दर्यावर, हिरव्या परतलेल्या. एकेक बोट हिरवी होत होती आणि प्रत्येकीबरोबर माझ्या छातीवरचं थोडं थोडं ओझं उतरत होतं.

सव्वाअकराला आमच्या दोन्ही बोटी हिरव्या झाल्या. मी खुर्चीत मागे रेललो आणि पाणी प्यायलो. खरं काय झालं होतं, तर फक्त चुलतभावाची बोट आली होती. वहिनीने तिच्यापुढे 'आली' दाबलं. बोटीने आपल्या यादीतल्या सोळाही जणांना 'आला' असं लिहून टाकलं. आणि मी आणखी एक शहाणपणा करून ठेवला होता: ज्या बोटीची सगळी माणसं आली, ती बोट आपोआप हिरवी. दादाच्या बोटीने आपली यादी पाहिली, सगळे आलेले दिसले, आणि ती हिरवी झाली. तिच्यासाठी कुणी काहीच दाबलं नव्हतं. साडेअकराला सेक्रेटरींनी सरकारी ऑफिसला कळवलं की आमच्या सगळ्या बोटी परतल्या.

बाराला आईचा फोन आला.

"दादाची बोट नाय दिसत रे."

मी स्क्रीनकडे पाहिलं. "आली आई. हिरवी आहे."

"मी किनाऱ्यावर उभी हाय. नाय दिसत."

"वारा आहे ना. दुसरीकडे कुठे लावली असेल."

"तुला कोन बोललं?"

"कंप्युटरवर आहे, आई."

मागे वाऱ्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "बरं." माझी आई कुणालाही बरं म्हणून गप्प बसणारी बाई नाही. सत्तरी उलटलेली, आयुष्यभर त्या पाण्याकडे बघत आलेली, आणि तिने स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझा शब्द मोठा मानला. मी फोन ठेवला आणि डबा उघडला. भेंडीची भाजी होती. ती मी सगळी खाल्ली. अजून कुणी भेंडी वाढली की मला ते "बरं" ऐकू येतं.

जेवण झाल्यावर बाई येऊन उभी राहिली. "आले सगळे घरचे?"

"आले."

तिने सवयीने स्क्रीनकडे पाहिलं आणि थोडी वाकली. "दोन्ही बोटी एकाच वेळी आल्या? सेकंदसुद्धा तोच आहे."

मी पाहिलं. तास तोच, मिनिट तोच, सेकंद तोच. वहिनी कितीही चपळ असली तरी एका सेकंदात दोन बोटी दाबू शकत नाही. मी प्रोग्राम उघडला, ते बटण शोधलं, आणि ती ओळ माझ्यासमोर आली. एकच ओळ होती. मी फार घाबरलो. इतका, की फोन हातात घेऊन कुणाला लावायचा हेच सुचेना.

बाईने माझ्या फोनवरून सेक्रेटरींचा नंबर लावून दिला. ते म्हणाले, "अहो, तुमच्याच यादीवरून कळवलं मी." मी म्हटलं, यादी चुकली आहे, दादाची बोट आलेली नाही. ते म्हणाले, "माणसं किती आहेत तिच्यावर? ऑफिसवाले ते पहिलं विचारतील."

मला सांगता येईना. सोळातून जे आले ते वजा, पण आले कोण? माझ्या यादीत सोळाही आले होते. सकाळी तिथे निदान 'दर्यावर' असं लिहिलेलं होतं, आता तेही पुसलं गेलं होतं. वहिनीला लावला तर तिला माहीत नव्हतं. निघताना कुणी मोजलंच नव्हतं. दादाचा फोन लागत नव्हता. चुलतभाऊ म्हणाला, "माझ्या बोटीत किती होते ते मोजलं नाय मी, आठ-नऊ असतील. दादा पहाटे वायरलेसवर बोलला, इंजिन बघतो आनि मागून येतो. मग तू हिरवी दाखवलीस. मला वाटलं दुसऱ्या बंदराला लागला."

मी स्कूटरची चावी काढली. बाईने ती माझ्या हातातून घेतली. "मागे बस," ती म्हणाली. सातिवलीकडून येणाऱ्या टेम्पोंच्या रांगेतून तिने स्कूटर काढली. पश्चिमेला जायच्या पुलावर आम्ही अडकलो. कडेचा फ्लेक्स वाऱ्याने फाटून फडफडत होता. मी तिच्या मागे बसून मनात एकच हिशेब करत होतो: बारा वाजता आईचं ऐकलं असतं तर, बारा वाजता आईचं ऐकलं असतं तर. तिने एकदाही म्हटलं नाही की मी सांगितलं होतं. म्हणाली असती तर बरं झालं असतं. भांडायला तरी काही मिळालं असतं.

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा बायका जमल्या होत्या. लाटा बोटींच्या रांगेपर्यंत चढत होत्या. सेक्रेटरी फोन कानाला लावून उभे होते आणि पुन्हा पुन्हा तेच विचारत होते, माणसं किती. आलेले खलाशी पांगले होते. कुणी झोपला होता, कुणी विरारला गेला होता.

आई माझ्याजवळ आली नाही. ती चुलतभावाच्या अंगणात गेली, तिथे बसलेल्या खलाशाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मोठ्याने म्हणाली, "एक." वहिनी दचकली. आईने पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवला. "दोन." मग ती घरोघर निघाली आणि आम्ही तिच्या मागे. ज्या घरात माणूस आलेला होता, तिथे ती त्याला बाहेर बोलावून, हात लावून आकडा म्हणायची. ज्या घरात आलेला नव्हता, तिथे दारात फक्त त्याची बायको किंवा आई यायची, आणि आमची आई आकडा न म्हणता पुढे जायची. त्या बायकांना सांगावं लागलं नाही. आदल्या दोन तासांत मीच, माझ्या हिरव्या बोटीने, त्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की तुमची माणसं आली.

"नऊ आले," शेवटी आई म्हणाली. विरारला गेलेला तिने फोनवर बोलून मोजला. "सात हायत." ती नावं सांगत गेली आणि ऑफिसातली बाई कागदावर लिहीत गेली. सेक्रेटरींनी आकडा कळवला तेव्हा अडीच वाजून गेले होते.

त्यानंतर करायला काही उरलं नाही. मी एका उलट्या होडीला पाठ टेकून बसलो. मनात सारखं येत होतं की दादा बुडाला असेल तर तो माझ्या यादीत किनाऱ्यावर उभा राहून बुडाला. ती यादी मला बंदही करवेना आणि बघवेनाही. बाई शेजारी बसून ओठांत प्रार्थना म्हणत होती. मी देव फारसा मानत नाही, पण ती थांबली की मी म्हणत होतो, म्हण ना, थांबू नकोस.

सूर्य बुडायला थोडा वेळ असताना सरकारी गस्तीबोट दिसली आणि तिच्या मागे दोराने ओढत आणलेली आमची बोट. आई गुडघाभर पाण्यात गेली. एकेक जण उतरला तसं तिने मोजलं. सातवा दादा होता. तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि "सात" म्हणाली.

घरी दादा चादर गुंडाळून चहा पीत बसला. ओठ मिठाने फुटले होते, तरी हसत होता. मी कोपऱ्यात उभा होतो.

"इंजिन गेलं तशी पोरं घाबरली," तो म्हणाला. "मी बोललो, घाबरताय काय? आपली नावं ह्याच्या कंप्युटरात हायत. बाकीच्या बोटी आल्या आनि आपली नाय आली, की त्याला कळंल. दुपारी एक बोट लांबून गेली. पोरं बोलली, कपडा पेटवून दाखवू. मी बोललो, रॉकेल कशाला संपवता, रात्रीला राहू दे. आपल्याला न्यायला निघाले असतील." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मला नाय भीती वाटली. एकदा पन नाय."

मी तोंड उघडलं. आईने माझ्याकडे पाहिलं आणि दादाच्या हातातली बशी त्याच्या तोंडाकडे ढकलली. "पी. गार होतो," ती म्हणाली.

पुढचे काही आठवडे मी तो प्रोग्राम नव्याने लिहिला, शेजारच्या बाईच्या पद्धतीने. आता तिथे काही पुसलं जात नाही. कोण निघाला त्याची एक ओळ, कोण आला त्याची एक ओळ. ज्या बोटीची आल्याची ओळ नाही, ती आलेली नाही, मग बाकी जगाचं काही का होईना. बटण काढून टाकलं. मी बाईला म्हटलं, तुझंच खरं, वस्तूंची पद्धतच चुकीची. ती म्हणाली, "पद्धतीवर ढकलू नकोस. दोन बोटींना तू एक यादी दिलीस, आणि कुणालाही तिच्यावर लिहू दिलंस. आणि माझ्या ओळींनासुद्धा ती सात माणसं माहीत नसती. कुणी सांगितलंच नव्हतं. त्या फक्त खोटं बोलल्या नसत्या."

आता नावं आई सांगते. बोट निघताना ती पाण्याच्या कडेला उभी राहते आणि एकेका बोटीत चढणारी माणसं मोठ्याने मोजते, आणि वहिनी फोनवर टाकते. गावातल्या म्हाताऱ्या तिला बोलल्या, तिने ऐकलं नाही.

दादाला मी अजून सांगितलेलं नाही, आणि आईच्या धाकाने दुसऱ्या कुणीही नाही. बोटी निघायच्या असल्या की मी आदल्या दिवशीच घरी जातो आणि बोट सुटेपर्यंत किनाऱ्यावर थांबतो. बोट पाण्यात गेली की तो मागे वळून ओरडतो, "टाकलंस का रे आम्हाला कंप्युटरात?" मी हात वर करून म्हणतो, "टाकलं." तो हसतो आणि निर्धास्त जातो. आई तेव्हा माझ्याकडे बघत नाही. ती मोजत असते.